पक्ष्यांचे फोटो काढायला हवा तसा कॅमेरा मिळेना, म्हणून त्याने बनवलेला कॅमेरा चंद्रावर गेला आणि तिथेच राहिला

घरातला जुना अल्बम कधीतरी उघडून बघा. त्यात काही चौकोनी, ब्लॅक अँड व्हाइट फोटो हमखास सापडतील. कुठल्या तरी देवळासमोर ओळीने उभी राहिलेली माणसं, चारही बाजू सारख्या आणि कडेने पांढरी पट्टी. एकेकाळी बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा आपल्याकडे बऱ्याच घरांत असायचा. त्यातून असे फोटो निघायचे, एका रोलमध्ये मोजून बारा. तेरावा फोटो काढायचा तर नवा रोल आणा.

आता दुसरा एक फोटो आठवा. चंद्राच्या करड्या मातीवर उभा असलेला पांढऱ्या पोशाखातला अंतराळवीर आणि त्याच्या हेल्मेटच्या सोनेरी काचेत दिसणारं समोरच्या माणसाचं प्रतिबिंब.

तुमच्या आजोबांच्या फोटोची निगेटिव्ह आणि चंद्रावरच्या त्या फोटोची फिल्म, दोन्हींचा आकार जवळपास सारखाच आहे. साधारण सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटर. फोटोग्राफीच्या भाषेत याला मिडियम फॉरमॅट म्हणतात.

फरक आहे तो कॅमेऱ्यात. चंद्रावरचा फोटो ज्या कॅमेऱ्याने काढला त्याचं नाव हॅसलब्लाड. तो बनवणाऱ्या माणसाला अंतराळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त पक्ष्यांचे नीट फोटो काढायचे होते.

त्या व्हिक्टर हॅसलब्लाडची ही गोष्ट.

घरचा धंदा फोटोचाच

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गोथेनबर्ग नावाचं बंदर आहे. तिथे ८ मार्च १९०६ रोजी व्हिक्टरचा जन्म झाला. घर व्यापाऱ्याचं. पणजोबांनी १८४१ साली आयातीचा व्यापार सुरू केला होता. पुढे आजोबांना, म्हणजे आर्विड व्हिक्टर हॅसलब्लाड यांना, फोटोग्राफीची आवड लागली आणि त्यांनी दुकानात फोटोच्या सामानाचा वेगळा विभाग उघडला. त्यातून फार पैसे मिळतील अशी त्यांची स्वतःची अपेक्षाही नव्हती, असं सांगतात.

पण हेच आजोबा लग्नानंतरच्या प्रवासात लंडनला गेले असताना त्यांची गाठ जॉर्ज ईस्टमन या अमेरिकन माणसाशी पडली. हा ईस्टमन म्हणजे पुढे कोडॅक उभी करणारा माणूस. दोघांचं जमलं आणि स्वीडनमध्ये ईस्टमनचा माल विकण्याचा हक्क हॅसलब्लाडकडे आला. कोडॅक जगभर वाढत गेली, तसा गोथेनबर्गचा हा धंदाही वाढला. १९०८ साली फोटोच्या सामानासाठी वेगळी कंपनीच काढावी लागली. तेव्हा आपला व्हिक्टर दोन वर्षांचा होता.

म्हणजे मुलाचं आयुष्य आधीच आखलेलं होतं. मोठं व्हायचं, धंदा शिकायचा आणि गादीवर बसायचं.

अठराव्या वर्षी वडिलांनी, कार्ल एरिक यांनी, त्याला जर्मनीत ड्रेस्डेनला पाठवलं. त्या काळी कॅमेरे बनवण्यात ड्रेस्डेनचं नाव मोठं होतं. तिथून पुढची काही वर्षं व्हिक्टर युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या फोटोशी संबंधित उद्योगांत काम करत फिरला. अमेरिकेत रॉचेस्टरला खुद्द ईस्टमनच्या कंपनीत राहून आला. कॅमेरा कसा बनतो, फिल्म कशी तयार होते, माल कसा विकला जातो, हे सगळं त्याने जवळून पाहिलं.

पक्ष्यांचं वेड आणि वडिलांशी बिनसणं

व्हिक्टरला लहानपणापासून पक्ष्यांचा नाद होता. गोथेनबर्गच्या आसपासचा किनारा म्हणजे खडक, बेटं आणि ऋतूप्रमाणे येणारेजाणारे पक्ष्यांचे थवे. तो तासन्‌तास त्यांच्या मागे असायचा. १९३५ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरचं त्याचं पुस्तकही प्रसिद्ध झालं, स्वतः काढलेल्या फोटोंसह.

या नादातूनच त्याला कळलं की पक्ष्यांसाठी हवा तसा कॅमेरा बाजारात नाही.

अडचण समजून घ्या. मोठ्या निगेटिव्हचे कॅमेरे सुंदर फोटो द्यायचे, पण ते अवजड होते. ते उभे करून, फोकस करून, फिल्म बदलेपर्यंत पक्षी उडून जायचा. दुसरीकडे ३५ मिलिमीटर फिल्मचे छोटे कॅमेरे आले होते. ते खिशात मावायचे, झटपट चालायचे. पण त्यांची निगेटिव्ह केवळ २४ बाय ३६ मिलिमीटरची. दूरचा पक्षी त्यावर आधीच ठिपक्याएवढा यायचा, आणि मोठी प्रिंट काढली की फिल्मचे दाणे दिसायचे.

व्हिक्टरला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. निगेटिव्ह मोठी, पण कॅमेरा हातात मावणारा. लेन्स बदलता यावी. आणि लेन्समधून जे दिसतं तेच फोटोत यावं, म्हणजे अंदाजपंचे काम नको.

दरम्यान घरात वेगळंच चालू होतं. परदेशातून शिकून आलेल्या मुलाचं आणि वडिलांचं पटेना. शेवटी व्हिक्टर घरच्या धंद्यातून बाहेर पडला आणि १९३७ साली त्याने गोथेनबर्गमध्येच व्हिक्टर फोटो नावाचं स्वतःचं दुकान आणि लॅब सुरू केली. १९३४ साली अर्ना नाथहॉर्स्ट हिच्याशी त्याचं लग्न झालं होतं. तीन पिढ्यांनी जमवलेला धंदा सोडून नवराबायको नव्याने सुरुवात करत होते.

भंगाराच्या आवाराशेजारचा कारखाना

एप्रिल १९४० मध्ये हिटलरच्या फौजा डेन्मार्क आणि नॉर्वेत घुसल्या. स्वीडन तटस्थ होता, पण शेजारी युद्ध पेटलेलं. स्वीडिश हवाई दलाला टेहळणीसाठी विमानातून वापरायचे कॅमेरे हवे होते आणि युद्धाच्या काळात ते बाहेरून मिळणं कठीण होतं.

अशात पडलेल्या एका जर्मन विमानातला चालू स्थितीतला कॅमेरा स्वीडिश लष्कराच्या हाती लागला. तो त्यांनी व्हिक्टरसमोर ठेवला आणि असाच कॅमेरा बनवता येईल का, असं विचारलं. यावर व्हिक्टरने असा नाही, पण याहून चांगला बनवून देतो, असं उत्तर दिल्याची गोष्ट आजही सांगितली जाते.

बनवायचं तर ठरलं, पण त्याच्याकडे कारखाना कुठे होता? त्याने गोथेनबर्गमधल्या एका गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजमधली शेड घेतली. शेजारी भंगाराचं आवार. दिवसभर आपापली कामं उरकून संध्याकाळी व्हिक्टर आणि गॅरेजचा एक मेकॅनिक कामाला बसायचे. जर्मन कॅमेरा उघडायचा, भाग समजून घ्यायचे आणि काय सुधारता येईल ते बघायचं. त्यातून एचके-७ नावाचा, हातात धरून वापरायचा टेहळणी कॅमेरा तयार झाला. त्याची निगेटिव्ह सात बाय नऊ सेंटिमीटरची होती.

हवाई दलाला तो पसंत पडला. १९४१ संपेपर्यंत वीसहून जास्त माणसं कामाला लागली होती आणि विमानात बसवायच्या मोठ्या कॅमेऱ्याचीही मागणी आली. युद्ध संपेपर्यंत व्हिक्टरच्या कारखान्याने लष्कराला ३४२ कॅमेरे दिले.

आकडा लहान वाटेल. पण कॅमेरे विकणाऱ्या घरातला मुलगा या काळात कॅमेरे बनवणारा झाला होता.

१९४२ साली वडील वारले आणि घरच्या कंपनीचा ताबा व्हिक्टरकडे आला. ज्या गादीवरून तो उठून गेला होता, तिथेच आता स्वतःच्या कारखान्यासह परत आला.

लाकडी मॉडेल ते न्यूयॉर्क

युद्ध संपलं तशी लष्कराची मागणीही ओसरली. कारखान्यात घड्याळांची यंत्रं बनत होती, पुढे साब मोटारींचे भागही बनू लागले. बारीक, अचूक काम करणारे हात तयार होते. व्हिक्टरने आता आपला पक्ष्यांचा कॅमेरा बाहेर काढला.

१९४५-४६ मध्ये आराखडे झाले, लाकडी मॉडेल झाली. बाहेरचं रूप ठरवायला सिक्स्टन सासोन हा डिझायनर आला. साबची पहिली मोटार, साब ९२, हिचं रूपही त्याचंच. कॅमेरा म्हणजे एक छोटा चौकोनी डबा. पुढे लेन्स, वर बघण्याची खिडकी, मागे फिल्म आणि बाजूला फिरवायची खुंटी.

६ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये हा कॅमेरा जगासमोर आला. नाव होतं हॅसलब्लाड १६००एफ. यातला १६०० म्हणजे सेकंदाचा सोळाशेवा भाग. एवढ्या कमी वेळासाठी त्याचं शटर उघडून बंद होऊ शकायचं. उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला याहून काय हवं?

पहिला कॅमेरा फसला

इथे गोष्ट अडखळली.

१६००एफचं शटर फिल्मच्या अगदी समोर होतं आणि ते पातळ, नालीदार स्टीलच्या पडद्यांचं होतं. सहा सेंटिमीटर रुंद जागेवरून हे पडदे प्रचंड वेगाने सरकवायचे म्हणजे स्प्रिंगवर मोठा ताण. शिवाय आतली दातेरी चक्रं नाजूक. वर्कशॉपमधल्या टेबलावर सगळं सुरळीत चालायचं, पण बाहेर कामावर नेलं की शटर बिघडायचं. ज्या फोटोग्राफरांनी हौसेने कॅमेरा घेतला, त्यांना तो दुरुस्तीला परत पाठवायची वेळ येऊ लागली.

विचार करा. दुनियेला नवा कॅमेरा दाखवला, नाव आपलंच दिलं आणि तो मधेच बंद पडतोय. व्यावसायिक फोटोग्राफर लग्नाला किंवा शूटिंगला गेला आणि कॅमेरा अडकला तर ती वेळ पुन्हा येत नाही. एकदा विश्वास गेला की तो माणूस पुन्हा त्या कंपनीच्या दारात येत नाही.

व्हिक्टरने वेगाचा हट्ट सोडला. आतली रचना सुधारली, शटरचा सर्वोच्च वेग सोळाशेवरून हजारवर आणला आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला १०००एफ आला. सुरुवातीच्या कोडॅकच्या लेन्सऐवजी आता जर्मनीच्या कार्ल झाइसच्या लेन्स मिळू लागल्या. अमेरिकेतल्या मॉडर्न फोटोग्राफी मासिकाने या कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. त्यातून पाचशेहून जास्त रोल काढले आणि तो मुद्दाम दोनदा खाली पाडला. कॅमेरा चालत राहिला.

तरी व्हिक्टरचं समाधान झालं नव्हतं. फिल्मसमोरच्या शटरची आणखी एक अडचण होती. स्टुडिओत फ्लॅश वापरायचा तर शटर फार हळू ठेवावं लागायचं. वेगाने सरकणाऱ्या पडद्यांत फक्त एक फट उघडी असते, त्यामुळे फ्लॅशचा क्षणभराचा उजेड फिल्मच्या एखाद्या पट्ट्यावरच पडतो.

म्हणून त्याने शटरच तिथून हलवलं.

५००सी: सगळे भाग सुटे

१९५७ साली ५००सी आला. यात मुख्य शटर कॅमेऱ्याच्या डब्यात नाही, लेन्सच्या आत आहे. गोल पाकळ्या मधोमध उघडतात आणि मिटतात. वेग आणखी उतरला, सेकंदाचा पाचशेवा भाग. पण या शटरबरोबर फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो आणि यंत्रणा दमदार.

म्हणजे बघा, १६००, मग १०००, मग ५००. जाहिरातीत सांगायचा आकडा प्रत्येक वेळी लहान होत गेला आणि कॅमेरा प्रत्येक वेळी चांगला होत गेला. पुढची कित्येक दशकं जगभरातल्या स्टुडिओंत जो कॅमेरा दिसला, तो हाच.

तो चालतो कसा, हे थोडक्यात बघू.

कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून आत डोकावायचं. आत ४५ अंशांत आरसा आहे. लेन्समधून आलेलं दृश्य आरशावरून वर दुधी काचेवर पडतं. चित्र सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलट. डावीकडे जाणारा पक्षी काचेवर उजवीकडे जाताना दिसतो. सुरुवातीला माणूस गोंधळतो, मग हाताला सवय होते. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी डोळ्याला लावायचा प्रिझम मिळायचा, तो वर बसवला की काम झालं.

बटण दाबलं की आत घाईने बऱ्याच गोष्टी घडतात. लेन्समधलं शटर मिटतं, आरसा वर जातो, फिल्मसमोरची झडप उघडते, मग शटर ठरलेल्या वेळेपुरतं उघडतं आणि पुन्हा मिटतं. या सगळ्याचा मिळून एक दणदणीत आवाज होतो. त्यानंतर काचेवर अंधार. बाजूची खुंटी एकदा फिरवली की आरसा खाली येतो, शटर पुन्हा ताणलं जातं आणि फिल्म एक घर पुढे सरकते.

निगेटिव्ह ५६ बाय ५६ मिलिमीटरची. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. चौकोनी असल्यामुळे कॅमेरा आडवा-उभा फिरवायची गरज नाही. मासिकाच्या मुखपृष्ठाला उभा कापा, नाहीतर आतल्या पानाला आडवा.

पण खरी करामत मागे आहे. फिल्म कॅमेऱ्याच्या डब्यात बसत नाही. ती मागे लावायच्या वेगळ्या डबीत असते. तिला मॅगझिन म्हणतात. १२० नंबरच्या रोलचे बारा फोटो या मॅगझिनमध्ये असतात आणि अर्धा रोल झालेला असतानाही मॅगझिन काढून दुसरं लावता येतं. एकात रंगीत, एकात ब्लॅक अँड व्हाइट. आधीची फिल्म खराब होत नाही, कारण मॅगझिन काढण्याआधी पत्र्याची एक पातळ पट्टी आत सरकवावी लागते. तिचं नाव डार्क स्लाइड. ती आत नसेल तर मॅगझिन सुटतच नाही. आणि ती आत असेल तर बटण दाबलं जात नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक व्हायला जागा नाही.

दोष नव्हते असं नाही. लेन्ससकट कॅमेरा दीड किलोच्या घरात. शटर ताणलेलं नसताना जबरदस्तीने लेन्स काढली तर यंत्रणा अडकते, हे प्रत्येक हॅसलब्लाडवाल्याने एकदा तरी अनुभवातून शिकलेलं असतं. आणि किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर.

पण लेन्स, डबा, बघण्याची खिडकी, मॅगझिन असे चार सुटे भाग एकमेकांना जोडून हवा तसा कॅमेरा तयार करता येतो, ही कल्पना फोटोग्राफरांना पटली. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफरने १९६० साली योसेमिटीच्या हाफ डोम कड्यावर उगवलेल्या चंद्राचा गाजलेला फोटो याच कॅमेऱ्याने काढला. तेव्हा चंद्र कॅमेऱ्याच्या समोर होता. नऊ वर्षांनी कॅमेराच चंद्रावर जाणार होता.

ह्यूस्टनच्या दुकानातून अंतराळात

फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेनने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली, तेव्हा त्याच्याकडे दुकानातून घेतलेला एक साधा कॅमेरा होता. त्या काळी नासाला फोटोचं फारसं महत्त्व वाटत नव्हतं. यान जाऊन सुखरूप परत आलं म्हणजे झालं.

त्याच वर्षी पुढे वॉली शिराचीही पाळी आली. शिराला कॅमेऱ्यांची समज होती. तो ह्यूस्टनमधल्या एका दुकानात गेला आणि चक्क ५००सी विकत घेतला. नासाच्या लोकांनी त्यावरचं चामड्याचं आवरण काढलं, आरसा काढला, वरची खिडकी काढली, चकाकी येऊ नये म्हणून काळा रंग दिला आणि बारापेक्षा कितीतरी जास्त फोटो मावतील असं मॅगझिन लावलं. सगळे भाग सुटे असल्यामुळे हे जमलं. ३ ऑक्टोबर १९६२ रोजी शिरा तो घेऊन अंतराळात गेला.

त्यानंतर नासा आणि गोथेनबर्गची कंपनी एकत्र काम करू लागल्या. जून १९६५ मध्ये एड व्हाइट यानाबाहेर तरंगला, तेव्हाचे फोटो हॅसलब्लाडचे. १९६६ मध्ये मायकेल कॉलिन्सच्या हातून तर अंतराळात एक हॅसलब्लाड निसटला आणि दूर निघून गेला.

२४ डिसेंबर १९६८ ला व्हिक्टरच्या त्या सुट्या मॅगझिनची खरी परीक्षा झाली. अपोलो ८ चंद्राभोवती फिरत होतं आणि खिडकीतून अचानक चंद्राच्या क्षितिजावर निळी पृथ्वी उगवताना दिसली. बिल अँडर्सच्या हातातल्या हॅसलब्लाडला तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट फिल्म होती. त्याने एक फोटो काढला आणि मग रंगीत मॅगझिनसाठी एकच धावपळ उडाली. जिम लव्हेलने ते शोधून दिलं, अँडर्सने ते कॅमेऱ्याला लावलं आणि अर्थराइज नावाने जगभर गेलेला फोटो काढला.

फिल्म डब्यातच गुंडाळलेली असती तर? रोल संपवून, बाहेर काढून, नवा भरेपर्यंत पृथ्वी खिडकीतून निघून गेली असती. पक्षी उडून जायचा, तशीच.

चंद्रावर काय उरलं

जुलै १९६९ च्या अपोलो ११ साठी खास कॅमेरा तयार झाला. मोटरवर चालणारा, उन्हाने तापू नये म्हणून चंदेरी. हवा नसलेल्या जागी साधं तेल उडून जातं, म्हणून आतलं वंगण बदललं. जाड हातमोज्यांनी हलवता यावेत म्हणून लेन्सचे दांडे मोठे केले. फिल्मसमोर एक काच बसवली, तिच्यावर २५ बारीक फुल्या. चंद्रावरच्या फोटोंत दिसणाऱ्या फुल्या त्याच. त्यांच्यातल्या नेमक्या अंतरावरून फोटोतली मापं काढता येतात.

डोकावून बघायला खिडकीच नव्हती, कारण हेल्मेट घालून कोण डोकावणार? कॅमेरा छातीवर अडकवायचा, अंग वळवून नेम धरायचा आणि बटण दाबायचं. चंद्रावर बहुतेक वेळ कॅमेरा नील आर्मस्ट्राँगकडे होता. म्हणूनच त्या मोहिमेतले गाजलेले फोटो बझ ऑल्ड्रिनचे आहेत आणि चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस त्याच्या काचेतल्या प्रतिबिंबात दिसतो.

परत निघताना प्रश्न वजनाचा होता. चंद्रावरचे दगड आणि माती मिळून सुमारे साडेएकवीस किलो वजन यानात चढलं होतं. तेव्हा अंतराळवीरांनी मॅगझिन काढून घेतलं आणि लेन्ससकट कॅमेरा मागे टाकला. पुढच्या मोहिमांतही हेच झालं. कंपनी सांगते त्याप्रमाणे असे बारा हॅसलब्लाड आजही चंद्रावर आहेत.

कारखान्याच्या मालकाने जिवापाड जपलेलं यंत्र धुळीत पडून राहिलं, पण त्यातून जे टिपलं ते घरी आलं. फोटोग्राफरलाही शेवटी हवा असतो तो फोटोच.

आणि गंमत बघा. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्ट १९६९ रोजी, लंडनमध्ये बीटल्सचे चौघे झेब्रा क्रॉसिंगवरून चालत गेले. ॲबी रोडच्या मुखपृष्ठावरचा तो फोटोही हॅसलब्लाडचाच.

शेवटची आवराआवर

व्हिक्टर आणि अर्ना यांना मूलबाळ नव्हतं. आजोबांच्या काळापासून चालत आलेला कोडॅकच्या मालाचा धंदा त्याने १९६६ साली कोडॅकलाच विकला आणि लक्ष कॅमेऱ्यावर ठेवलं. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, कॅमेऱ्याची कंपनीही एका स्वीडिश गुंतवणूक कंपनीला विकली. पक्ष्यांचा नाद मात्र सुटला नाही. ५ ऑगस्ट १९७८ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी तो वारला.

मागे उरलेली बहुतेक संपत्ती, सुमारे ७ कोटी ८० लाख स्वीडिश क्रोनर, त्याने नवराबायकोच्या नावाने निघणाऱ्या प्रतिष्ठानला दिली. १९७९ मध्ये ते सुरू झालं आणि १९८० पासून फोटोग्राफरांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळू लागला. फोटोग्राफीत याला फार मान आहे. दुसऱ्याच वर्षी तो अॅन्सेल अॅडम्सला आणि तिसऱ्या वर्षी आन्री कार्तिए-ब्रेसाँला मिळाला.

२०२२ साली हा पुरस्कार भारताच्या दयानिता सिंग यांना मिळाला. तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावरच्या फोटोंच्या पुस्तकाने त्यांची सुरुवात झाली होती, आणि त्यांचं बरंचसं नावाजलेलं काम हॅसलब्लाडच्याच चौकोनी निगेटिव्हवर आहे.

५००सीच्या घराण्यातला शेवटचा कॅमेरा बनवणं कंपनीने २०१३ मध्ये बंद केलं. पण म्हणून जुने कॅमेरे कपाटात गेले असं नाही. मागचं मॅगझिन काढायचं आणि त्याजागी डिजिटल मॅगझिन लावायचं, की साठीतला कॅमेरा आजचे फोटो काढू लागतो. ५००सी आला तेव्हा डिजिटल कॅमेरा अस्तित्वातही नव्हता. व्हिक्टरने फक्त मागचा भाग सुटा ठेवला होता.

पुढच्या वेळी चंद्रावरचा तो फोटो दिसला, तर त्यातल्या बारीक फुल्या नक्की शोधा. आणि घरच्या अल्बममधला आजोबांचा चौकोनी फोटोही त्याच्या शेजारी ठेवून बघा.